पालकसभेतील निवड आणि शाळेच्या समितीवरील जागा

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली म्हणजे तिची चाहूल गावाला महिनाभर आधीच लागते. पारावर तिचीच चर्चा, मोंढ्यात तिचीच चर्चा. कोण उभा राहणार आणि कोण कोणास पाठिंबा देणार, याचे हिशेब रात्री उशिरापर्यंत चालू असतात. त्याच गावात दर दोन वर्षांनी आणखी एक निवड होते. गावातील सर्वांत लहान नागरिकांचे हित तिच्याशी निगडित असते, परंतु तिची चाहूल बहुधा कोणास लागत नाही. शाळेच्या पडवीत काही पालक जमतात, अगोदर तयार केलेला नावांचा कागद वाचला जातो, कोणी हरकत घेत नाही, टाळ्या वाजतात आणि शाळा व्यवस्थापन समिती अस्तित्वात येते. पुष्कळ ठिकाणी असेही घडते की, आपण सदस्य झालो ही वार्ता खुद्द सदस्यालाच दुसऱ्या दिवशी इतरांच्या तोंडून कळते.

ही जागा म्हणजे नेमके काय, ती पालकांच्या हाती कशी आली, तिच्यासाठी कोणी उभे राहावे आणि पालकसभेत होणारी निवड ही खरोखरीची निवड कशी व्हावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणादाखल उमरी तालुका डोळ्यांसमोर ठेवला आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत व्यवस्थापन समिती असावी, तिच्यातील निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या जागांवर स्त्रिया असाव्यात आणि वंचित व दुर्बल गटांतील बालकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे, असे त्याचे कलम २१ सांगते. या कलमास अनुसरून महाराष्ट्र शासनाने १७ जून २०१० रोजी जो निर्णय काढला, त्यात समितीची सदस्यसंख्या १२ ते १६ ठेवण्यात आली. मुख्याध्यापक हे या संख्येबाहेरचे सदस्य सचिव होत. समजा, एखाद्या शाळेची समिती १२ जणांची आहे. तर त्यांपैकी ९ पालक, आणि उरलेल्या तीन जागांवर स्थानिक संस्थेचा एक निर्वाचित प्रतिनिधी, शिक्षकांनी निवडलेला एक शिक्षक व पालकांनी निवडलेली शिक्षणाची जाण असलेली एक व्यक्ती. अध्यक्ष व उपाध्यक्ष पालकांतूनच व्हावयाचे. समितीची बैठक दरमहा व्हावी आणि दर दोन वर्षांनी तिची पुनर्रचना व्हावी, असा नियम घालून देण्यात आला. पुढील काळात निघालेली परिपत्रकेही मुख्याध्यापकांनी सभेपूर्वी वाचून ठेवावीत. कारण सभेत कोणी नियम विचारला आणि उत्तर मिळाले नाही, म्हणजे सभेवरचा विश्वास तेथेच ढळतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, पालक सदस्यांची निवड पालकसभेने करावयाची आहे. सरपंचाने नव्हे, मुख्याध्यापकाने नव्हे, केंद्रप्रमुखानेही नव्हे. कायद्याने दिलेला हा मताधिकार वरवर लहान दिसतो. परंतु तो पालकाच्या हाती येण्यास किती काळ लागला, हे पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते.

मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या शाळा मंडळांकडे, म्हणजे स्कूल बोर्डांकडे सोपविला. लोकशाहीच्या दृष्टीने हे पाऊल पुढचे होते यात शंका नाही. परंतु या मंडळांवर सभासद निवडून पाठवीत ते लोकल बोर्डाचे वा नगरपालिकेचे सदस्य. ज्याचे मूल शाळेत जाते त्या बापास तेथे मत नव्हते; आईची गोष्ट तर दूरच. शिवाय लोकल बोर्डाच्या मतदानाचा हक्कही त्या काळी मालमत्तेशी बांधलेला होता. ज्यांचे मूल वर्गाबाहेर व्हरांड्यात बसविले जाई, त्यांचे म्हणणे अशा मंडळात मांडणार कोण?

हा प्रश्न त्याच काळात विचारला गेला होता. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सायमन कमिशनपुढे अस्पृश्य वर्गांच्या शिक्षणस्थितीविषयी एक निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण शाळा मंडळांच्या स्वाधीन करण्यास त्यांनी त्यात स्पष्ट विरोध केला आणि हे हस्तांतरण थांबवावे, अशी मागणी केली. त्यांचा आक्षेप समजून घेण्यासारखा आहे. सत्ता गावाच्या जवळ आली म्हणजे ती गावातील सर्वांच्या जवळ येतेच असे नाही. पुष्कळदा ती गावात आधीच प्रबळ असलेल्यांच्या हाती जाते आणि ज्यांच्या मुलांना शाळेची गरज सर्वाधिक, ते पूर्वीपेक्षाही दूर पडतात. पुढे १९३८ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन मंडळांचे काही अधिकार सरकारने परत घेतले, १९४७ साली नवा कायदा आला आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षण १९६२ नंतर जिल्हा परिषदांकडे गेले. नगरपालिका क्षेत्रांतील उरलीसुरली शिक्षण मंडळे रद्द करण्याचा कायदा राज्याने २०१३ साली केला. परंतु १९२८ चा आक्षेप मंडळांबरोबर संपला नाही. कलम २१ मधील ‘त्यांच्या प्रमाणात’ ही अट म्हणजे त्या आक्षेपास दिलेले उशिराचे उत्तर होय, असे म्हणावयास हरकत नाही. पालकसभेत ती अट पाळली गेली नाही, तर जुना आक्षेप जसाच्या तसा उभा राहतो.

मराठवाड्याची कहाणी यापेक्षा निराळी. येथे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. निवडून आलेली शाळा मंडळे नव्हती, वरच्या वर्गांचे माध्यम उर्दू होते आणि खाजगी शाळा काढावयाची तरी सरकारी परवानगी लागे. जबाबदार राज्यपद्धतीसाठी येथे जो लढा झाला, त्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शिक्षक, हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेतील. ही गोष्ट शिक्षकवर्गाने विसरू नये. उमरी हे मुदखेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील व्यापारी गाव, आणि १९४८ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी तेथील बँकेवर घातलेली धाड या भागातील वृद्धांच्या आठवणीत दीर्घकाळ राहिली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मुंबई इलाख्यातील लोकांनी चाळीस वर्षे स्कूल बोर्डांचे बरेवाईट अनुभव घेतले होते. येथील पालकांस तो अनुभव मिळालाच नाही. पूर्वी ग्राम शिक्षण समित्या होत्या हे खरे. परंतु शाळेच्या कारभारात पालक म्हणून, कायद्याने मिळालेले मत त्यांच्या हाती आले ते २०१० सालीच.

आता प्रश्न असा की, या जागेसाठी कोणी उभे राहावे?

सर्वसाधारण समज असा की, शिकलेला, चार लोकांत बोलणारा, तालुक्याला ज्याच्या ओळखी आहेत असा मनुष्य समितीवर असावा. हा समज अगदीच निराधार नाही. अर्ज लिहिणे, पाठपुरावा करणे, गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटणे यांसाठी अशा माणसाचा उपयोग होतो. परंतु पुष्कळदा अशा माणसाची मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जात असतात. मग तो पालक म्हणून उभा राहूच शकत नाही. आणि खरे म्हणजे त्यास शाळेची गरजही तितकी नसते. ज्या आईची दोन मुले याच शाळेत आहेत, जी दुपारी मुलगी घरी का परतली हे जाणते, खिचडीत आज डाळ किती होती हे जिला मुलाच्या बोलण्यातून कळते, तिच्याजवळ समितीला लागणारी माहिती कोणत्याही पदवीधरापेक्षा अधिक असते. तिला कागद वाचता येत नसेल, तर सचिवाने तो वाचून दाखवावा. सदस्यत्वासाठी साक्षरतेची अट कायद्याने घातलेली नाही, आणि ती नकळत घालण्याचा अधिकार सभेत कोणासही नाही.

स्त्रियांच्या बाबतीत येथे एक जुने उदाहरण आठवण्यासारखे आहे. इंग्लंडात १८७० च्या शिक्षण कायद्याने निर्वाचित शाळा मंडळे स्थापन झाली. त्या देशात तेव्हा स्त्रियांना संसदेसाठी मत देता येत नव्हते. परंतु शाळा मंडळासाठी उभे राहता येत होते. त्याच वर्षी लंडनच्या पहिल्या मंडळावर एलिझाबेथ गॅरेट व एमिली डेव्हिस या दोन स्त्रिया निवडून आल्या. गॅरेटबाईंना ४७,००० हून अधिक मते पडली. त्या निवडणुकीची दुसरी विशेषता अशी की, मतदारास जितक्या जागा तितकी मते असत आणि ती सर्व मते त्यास एकाच उमेदवाराला देता येत. त्यामुळे संख्येने थोड्या असलेल्या समूहालाही आपला एक माणूस निवडून आणणे शक्य होई. आपल्याकडील कायद्याने हाच हेतू राखीव प्रमाण ठरवून साधला आहे. मार्ग निरनिराळे आहेत, पण शाळेच्या कारभारात अल्पसंख्यांचा आवाज हरवू नये ही चिंता दीडशे वर्षांपूर्वीही होती.

आता आपल्या पालकसभेकडे येऊ. वास्तविक समितीचे भवितव्य सभेच्या दिवशी ठरत नाही. ते सभेची वेळ ठरवितानाच ठरते. उमरीच्या परिसरात जूनमध्ये पेरणीची घाई असते, आणि दसऱ्यापासून कापसाची वेचणी सुरू होते. वेचणीचे काम प्रामुख्याने स्त्रियांचे. सकाळी अकराची सभा ठेवली तर निम्म्या जागा ज्यांच्यासाठी आहेत, त्या सर्व शेतात असणार. एक दिवसाची मजुरी बुडवून सभेस या, असे कोणत्याही आईस सांगणे न्यायाचे नाही. सभा संध्याकाळी, दिवे लागल्यावर घ्यावी; आठवडी बाजाराचा दिवस टाळावा; आणि सूचना केवळ फळ्यावर लिहून थांबू नये. तालुक्यात मराठीखेरीज उर्दू व तेलुगू बोलणारी घरे आहेत, तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. मुलांच्या हाती चिठ्ठी द्यावीच, पण वस्ती दूर असेल तर शिक्षकाने स्वतः जाऊन सांगितल्याचा परिणाम कोणत्याही परिपत्रकापेक्षा मोठा होतो. चिठ्ठीत ‘पालकसभा आहे’ एवढेच न लिहिता, ‘समितीची निवड आहे, आपणांस उभे राहता येईल’ हे स्पष्ट लिहावे. या एका वाक्याने किती फरक पडतो, हे ज्यांनी लिहून पाहिले त्यांनाच ठाऊक.

सभेत प्रथम जागांचा हिशेब फळ्यावर मांडावा. एकूण मुले किती, वंचित व दुर्बल गटांतील किती, त्या प्रमाणात जागा किती, स्त्रियांसाठी किती. हे सर्वांसमक्ष लिहावे. आकडे फळ्यावर असले म्हणजे मागाहून वाद होत नाही, आणि कोणावर उपकार केल्याची भाषाही कोणी वापरत नाही. त्यानंतर नावे मागवावीत. येथे मुख्याध्यापकाने घाई करू नये. पहिली चार नावे ताबडतोब येतात. ती नेहमीचीच असतात. त्यानंतर एक शांतता पसरते. या शांततेचा अर्थ ‘आता कोणी नाही’ असा लावला जातो, आणि तेथेच चूक होते.

अशी एक सभा कल्पावी. चार नावे झाली आहेत, अध्यक्षपद कोणाचे याचीही कुजबुज झाली आहे. मागच्या रांगेत, भिंतीला टेकून, एक बाई बसली आहे. तिची मुलगी सहावीत आहे. मुलींच्या शौचालयाच्या दाराला आतून कडी नाही, म्हणून ही मुलगी दुपारच्या सुटीत घरी जाते आणि पुष्कळदा परत येत नाही. हजेरीपुस्तकात ती अनियमित. गावाच्या दृष्टीने ती अभ्यासात कच्ची. तिच्या आईला कारण माहीत आहे. तिने ते कोणास सांगितलेले नाही, कारण तिला कोणी विचारलेले नाही. मुख्याध्यापक पुन्हा विचारतात, आणखी कोणी? क्षणभर थांबतात. आणि मग ती म्हणते, “गुरुजी, माझं बी नाव लिहा.” पुढे बसलेल्यांपैकी कोणी हसतो, कोणी म्हणतो, “ताई, त्यात लई कागदं असतात.” मुख्याध्यापक काहीही न बोलता फळ्यावर पाचवे नाव लिहितात. ते नाव लिहिले गेले नसते तर त्या शाळेची समिती नियमांत बसली असती, कागद वर गेला असता आणि कडी बसली नसती.

नावे जागांपेक्षा अधिक झाली, म्हणजे गावातील प्रतिष्ठित मंडळी ‘बिनविरोध करू’ असे सुचवितात. एकमताचे मोल गावाला असते आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. भांडणाने शाळेचे नुकसानच होते. परंतु सर्वांचे म्हणणे ऐकून झालेले एकमत आणि कोणाचे म्हणणे ऐकूच न आल्यामुळे झालेले एकमत, यांत फार अंतर आहे. पाचव्या नावाला ‘मागे घ्या’ म्हणून सर्वांदेखत आग्रह करणे हे तर एकमत नव्हेच. अशा वेळी चिठ्ठ्या टाकाव्यात. हात वर करून मत घेतले, तर जमीनदाराच्या शेतावर राबणारा पालक कोणाकडे पाहून हात वर करील, हे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी निरनिराळ्या रंगांचे कागद किंवा चित्रे ठेवता येतात; शाळेत या वस्तूंना तोटा नसतो. अर्धा तास अधिक लागेल, एवढेच.

उभे राहणाऱ्याने दोन शब्द बोलावेत. नवी इमारत आणतो, शिक्षकांची बदली करवितो, अशी आश्वासने तेथे देऊ नयेत. कारण समितीला तो अधिकार नाही. शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या समिती करीत नाही. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि शाळेस मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, ही तिची मुख्य कामे. ती ऐकावयास रुक्ष वाटतात. परंतु त्यांचा अर्थ व्यवहारात काय होतो?

समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून शाळेस पटानुसार संयुक्त अनुदान देण्याचे ठरले. १०० हून अधिक व २५० पर्यंत पट असलेल्या शाळेसाठी ही रक्कम वर्षास ५०,००० रुपये ठेवण्यात आली आणि तीतील निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च व्हावा असे सांगण्यात आले. म्हणजे ५,००० रुपये स्वच्छतेचे. दाराच्या कडीला किती लागतात? ‘या वर्षी अनुदान किती आले, केव्हा आले आणि कशावर गेले’ हा एक प्रश्न विचारावयास पदवी लागत नाही. रक्कम चेकने निघो की संगणकाच्या प्रणालीने, खर्चाचा विषय समितीपुढे यावयास पाहिजे आणि सदस्याने खर्चाची पावती पाहिल्याविना सही करू नये. दुसरा प्रश्न आहाराचा. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य व सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम, असे प्रमाण ठरले आहे. मुलांना वाढण्यापूर्वी अन्नाची चव मोठ्या माणसांनी घ्यावयाची असते. महिन्यातून दोनदा एखादी आई त्या वेळी शाळेत उभी राहिली, तर त्या नोंदवहीतील शेरे आपोआप खरे होऊ लागतात. तिसरा प्रश्न दिवसांचा: कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाचे २०० कामाचे दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस सांगितले आहेत. दिवस भरतात की नाही, हे मोजणे कोणत्याही पालकास शक्य आहे.

चौथा प्रश्न विचारण्यास अधिक धैर्य लागते, आणि तो शिक्षकांनीच पालकांना शिकवावा. मुलास वाचता येते काय? इमारतीचा रंग, गॅदरिंगचा मंडप, स्वातंत्र्यदिनाचा खाऊ यांवर बैठका रंगतात, आणि तिसरीच्या मुलास पहिलीचे पुस्तक वाचता येते की नाही, हा विषय पत्रिकेवर येतच नाही. दर तीन महिन्यांनी एका बैठकीत प्रत्येक वर्गातील चार मुलांनी सदस्यांसमोर एक उतारा वाचावा. यात शिक्षकाची परीक्षा आहे असे मानू नये. कोठे मदत लागेल हे त्यातून कळते. ज्या शिक्षकाकडे दोन वर्ग आहेत, त्याची अडचण सदस्यांनी डोळ्यांनी पाहिली, म्हणजे शिक्षकाच्या मागणीसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाणारा ठराव अधिक जोरदार होतो. समितीला शत्रू मानणारा मुख्याध्यापक ही गोष्ट सहसा ध्यानात घेत नाही की, रिक्त जागेविषयी त्याच्या दहा पत्रांपेक्षा पालकांचा एक ठराव वरिष्ठांच्या अधिक लक्षात राहतो.

अध्यक्षपदाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्याची चर्चा आपोआप होते. एवढेच पाहावे की अध्यक्ष हा खरोखर पालक आहे, त्याचे मूल याच शाळेच्या पटावर आहे आणि अध्यक्ष स्त्री असेल तर बैठकीस ती स्वतः येते, तिचे पती नव्हेत. सही घरून मागवून घेण्याची प्रथा जेथे असेल, तेथे ती सचिवाने बंद करावी. त्यास तो सर्वस्वी समर्थ आहे.

निवड संपल्यावर इतिवृत्त लिहावयाचे राहते. त्यात निवडून आलेल्यांची नावे तर असतातच. जे उभे राहिले पण निवडून आले नाहीत, त्यांचीही नावे व त्यांनी मांडलेले विषय त्याच पानावर लिहून ठेवावेत. त्या विषयांपैकी निदान एक विषय समितीच्या पहिल्या बैठकीच्या पत्रिकेवर घ्यावा, आणि दोन वर्षांनी पुन्हा पालकसभा बोलावताना पहिली चिठ्ठी त्या घरी पाठवावी.